सातही विश्वस्त हजर

तुमच्या गावातल्या विहाराचे, मंदिराचे, मशिदीचे, चर्चचे किंवा वाचनालयाचे कागदावरचे विश्वस्त कोण आहेत, आणि त्यांतले किती जण आज जिवंत आहेत?

अंदाजे सांगू नका. सभेत पुढं कोण बसतं, चाव्या कोणाकडे असतात, जयंतीची वर्गणी कोण गोळा करतं, हे मी विचारत नाही. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत त्यांच्याबद्दल विचारते आहे. मला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही. विचारला असता तर मी विचारणाऱ्यालाच चार शब्द सुनावले असते, कारण त्या वयात मला चार शब्द सुनावणं फार आवडायचं.

आमचं गाव मेडशीहून एस.टी.नं अर्धा तास आत आहे. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. मोर्चाला निघालेले, सभेहून परतणारे लोक गाडीत चढले की हातातली पत्रकं बाबांना द्यायचे. अंगणवाडी सेविकांच्या मागण्या, दारूबंदीची सभा, गायरानाचा प्रश्न, शिष्यवृत्ती का रखडली. बाबा ती घडी करून तिकिटांच्या पेटीत ठेवायचे आणि घरी आणायचे. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. मी जोडाक्षरं शिकले ती ‘हक्क’ आणि ‘धिक्कार’ या शब्दांवर. दहावीपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती की मराठीत वाक्य संपलं की उद्गारचिन्हच द्यायचं असतं.

विहाराच्या समोर, रस्त्यापलीकडे, आमची अभ्यासिका होती. दोन खोल्या, वर टिनं, आत जुन्या दारांच्या फळ्यांची लांब टेबलं. आमच्या वस्तीत बहुतेक घरं एका खोलीची, त्या खोलीत टी.व्ही., चूल, आजारी म्हातारं माणूस आणि लहान पोरं. तिथं अभ्यास होत नाही. पोलीस भरती, नर्सिंग, तलाठी, जी काही परीक्षा असेल तिचा अभ्यास पोरी या दोन खोल्यांत करत. मीही तिथंच शिकले. ड्यूटीवरून आले की बाबा घरी चहा न घेता आधी तिथं जाऊन दिवे, पंखे, पाण्याची टाकी बघून येत. संस्थेचे सचिव म्हणून वीस-बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. आई म्हणायची, “सवत केली असती तर एवढा जीव लावला नसता तुमी.”

संस्था फार जुनी. सात जणांनी मिळून ती नोंदवली होती. सातपैकी एक माझे आजोबा. त्यांच्यातल्या दोघांनाच सही येत होती. विहार आणि अभ्यासिका चालवणं हा उद्देश त्यांनी अर्जात लिहून दिला, आणि गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं रस्त्याकडेची जागा त्यांना दिली. तो आमच्या समाजाचा नव्हता. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, चार साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पेढे वाटले गेले. दस्त नोंदवायचा राहिला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात जागा त्याच्याच नावावर राहिली. तो हयात होता तोवर कोणाला दस्ताची आठवण झाली नाही, कारण तो स्वतःच येऊन पोरींना विचारायचा, “टिनं गळत असतीन त सांगा बरं.”

आता आमच्या सभेबद्दल सांगायला हवं. सगळं त्यातच अडकलं आहे.

आमची वार्षिक सभा आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी होते. सोयाबीन निघालेलं असतं आणि कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबं अजून गावातच असतात. पंचशील झालं की सचिव उठतो आणि सात संस्थापकांची नावं एकेक करून पुकारतो. पहिला संस्थापक वारला त्या वर्षी त्याचं नाव आल्यावर सभेत शांतता पसरली होती म्हणतात. तेव्हा त्याची बायको उभी राहिली आणि म्हणाली, “हजर.” तेव्हापासून तशीच पद्धत पडली. संस्थापक गेला की त्याचा मुलगा, सून, बायको, नात, जे कोणी असेल ते उभं राहतं, “हजर” म्हणतं आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढं सही किंवा अंगठा करतं.

मी लहान असताना या वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. ज्यांना एके काळी गावच्या सभेत बसायलाही मिळालं नव्हतं, त्यांना आम्ही मेल्यावरही सभेतून उठू देत नव्हतो. संस्थेचं काम प्रत्यक्षात इतर लोक बघत. बाबा सचिव, शेजारचे काका अध्यक्ष, अजून पाच-सहा जण. पण त्यांना आम्ही विश्वस्त म्हणत नसू, ‘काम पाहणारे’ म्हणत असू. विश्वस्त सातच. त्यांची जागा घेणं म्हणजे त्यांना ढकलून बसणं, असं सगळ्यांना वाटे. ‘जागा रिकामी झाली’ असे शब्द आमच्या नोंदवहीत एकदाही आले नाहीत.

माझं अक्षर चांगलं म्हणून अकरावीत असताना नोंदवही माझ्याकडे आली. शेवटचा संस्थापक आदल्या उन्हाळ्यात गेला होता. आता सातांपैकी एकही जिवंत नव्हता आणि सातही नावांपुढं सही-अंगठे झाले. मी नुसतं ‘हजर’ लिहून थांबले असते तर ती मी कसली? मी खाली लिहिलं: ‘आमचे संस्थापक मरण पावलेले नाहीत! ते आजही या सभेस हजर आहेत आणि कोणताही कायदा त्यांना गैरहजर ठरवू शकत नाही!’ सभेत ते वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. बाबांनी घरी आल्यावर आईला पुन्हा वाचायला लावलं.

पुढं मी अकोल्याला शिकायला गेले, पत्रकं लिहू लागले, दुसऱ्यांच्या मोर्चांसाठी घोषणा करून देऊ लागले. गावाकडून फोन आला तो जागा देणाऱ्याच्या नातवाचा विषय घेऊन. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातू पुण्यात नोकरीला. रस्ता रुंद झाला होता आणि त्या जागेला आता गिऱ्हाईक होतं. त्यानं एका सकाळी माणसं आणून अभ्यासिकेभोवती तारेचं कुंपण घातलं, दाराला स्वतःचं कुलूप लावलं. आत टेबलांवर पोरींच्या वह्या तशाच होत्या.

मी तडक गावी आले आणि त्याला गाठलं. माझ्या मनात भाषण तयार होतं. तो भांडला नाही. उलट मला बसायला खुर्ची दिली.

“ताई, आजोबांनी दिली असंल जागा, मी नाही म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण कागदावर माझं नाव आहे. संस्थेकडून माझ्याशी बोलायला अधिकाराचा माणूस कोण आहे, तेवढं सांगा. मी त्याच्याशी बोलतो.”

“माझे वडील सचिव आहेत.”

“मी चौकशी केली. त्यांचं नाव कुठंच नाही.”

मी म्हटलं, हे खोटं आहे. तसं म्हणत मी उठलेही. कुलपाची तक्रार द्यायला गेलो तर पोलीस ठाण्यात बाबांना तोच प्रश्न विचारला गेला: तुम्ही सचिव असल्याचा कागद? बाबांनी पेटीतून नोंदणीचा दाखला काढला, तो बघून हवालदार म्हणाला, “यात त तुमचं नाव नाही ना भाऊ. आन् हे दिवाणी प्रकरण हाय, आमाले त्यात पडता येत नाही.” मग आम्ही धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या नोंदीची नक्कल काढली. तिला परिशिष्ट एक म्हणतात. त्यात विश्वस्तांचा रकाना होता. सात नावं. पहिल्या दिवशी होती तीच.

वाशिमच्या एका वकीलबाईंकडे गेलो. वयानं आईएवढ्या, टेबलावर फायलींचे गठ्ठे, बोलणं तुटक. त्यांनी नक्कल वाचली आणि चष्मा काढला.

“सातांपैकी हयात कोण?”

“कोणी नाही,” बाबा म्हणाले.

“म्हणजे तुमची संस्था निराधार आहे दादा. घर आहे, घरात राहणारं कायद्यानं कोणी नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. एकदाही दिला नाही?”

“आमाले कोणी सांगतलंच नाही.”

“सांगायला कोण येणार? बरं, उशीर माफ करायचा अर्ज करू. कोणता विश्वस्त कधी गेला, त्याच्या जागी सभेनं कोणाला निवडलं, हे दाखवणारी नोंदवही आहे ना?”

बाबांचा चेहरा उजळला. नोंदवह्या तर एकूण एक होत्या. खाकी कव्हर घातलेल्या, अनुक्रमांक टाकलेल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या आणून टेबलावर ठेवल्या. वकीलबाई पानं उलटू लागल्या आणि थोड्या वेळानं थांबल्या. मग मागे गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

“हे काय केलंत तुम्ही लोकांनी?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मेलेला माणूस इथं हजर आहे. अंगठाही आहे त्याचा.”

बाबांनी पद्धत समजावून सांगितली. ऐकताना वकीलबाईंचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. त्या म्हणाल्या, “मला कळलं. तिथं कळणार नाही.”

पण दुसरा पुरावा नव्हता. नोंदवह्या दिल्याशिवाय अर्ज उभा राहत नव्हता आणि दिल्यानं तो पडणार होता. त्यांनी आम्हाला दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या आणि निवड आमच्यावर सोडली. बाबा म्हणाले, “लपवायचं कायले? आमी चोरी केली नाही.” आम्ही नोंदवह्या दिल्या. शिवाय निदान पुढची सभा तरी नियमाप्रमाणं घ्या, सात मृत्यूंची नोंद करा, नवे विश्वस्त निवडा, असं वकीलबाईंनी बजावलं. नाव पुकारणं बंद.

त्या वर्षीच्या सभेत पंचशील झालं, बाबा उठले आणि त्यांनी थेट ठराव वाचायला घेतला. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. पहिल्यांदा ‘हजर’ म्हणणारी ती हीच. सगळं गाव तिला मोठी माय म्हणतं. ती दरवर्षी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून येते आणि नाव यायच्या आधीच गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात करते, कारण तिला उभं राहायला वेळ लागतो. त्या दिवशीही ती अर्धी उठली होती.

“काहून रे, नाव नाही घेत?” तिनं विचारलं.

“माय, या वर्षी नाही घ्यायचं. वकिलानं नाही सांगतलं.”

“वकील कोन होय आपला?”

मागून एकानं टोमणा मारला, “सचिवभाऊच्या पोरीनं शहरातून नवी पद्धत आनली, माय. आता जिते लोकच हजर राह्यतीन.”

लोक हसले. बाबा वाचत राहिले: अमुक यांचे निधन झाले असून त्यांची जागा रिकामी झाली आहे. तिच्या नवऱ्याचं नाव पहिलंच होतं. म्हातारी तशीच वाकलेली थांबली, मग सुनेचा खांदा धरून उभी राहिली आणि सभेतून निघून गेली. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, “एवढ्या वर्सांत मले कोनी विधवा म्हटलं नव्हतं व पोरी.” ठराव मंजूर झाला. सह्यांसाठी वही फिरली तेव्हा निम्मी माणसं उठून गेली होती.

सुनावणीला बाबांनी एस.टी.चा जुना खाकी शर्ट घातला, कारण इस्त्रीचा तेवढाच होता. नातवानं हरकत घेतली होती आणि त्याच्यातर्फे एक तरुण वकील आला होता. त्यानं आमच्या नोंदवह्यांना कागदी खुणा लावून ठेवल्या होत्या. एकेक पान उघडून तो अधिकाऱ्यांपुढं ठेवत गेला आणि मृत्यूचा दाखला त्याच्या शेजारी. हा माणूस या तारखेला वारला. त्यानंतर अकरा सभांना हजर. हा अंगठा कोणाचा? मग त्यानं माझं पान उघडलं आणि वाचलं. उद्गारचिन्हांसकट वाचलं, आवाज चढवून. ‘कोणताही कायदा त्यांना गैरहजर ठरवू शकत नाही!’ खोलीत बसलेले दुसऱ्या संस्थांचे लोक हसले. एक जण म्हणाला, “वा रे पठ्ठे.”

मी उठले. “ते मी लिहिलंय. ती आदराची पद्धत आहे, खोटेपणा नाही. तुमच्या आजोबांना कोणी सभेतून हाकललं होतं का? आमच्या आजोबांना हाकललं होतं.”

तरुण वकील शांतपणे म्हणाला, “म्हणजे नोंद आपण केली आणि ती वस्तुस्थितीला धरून नाही, हे आपल्याला मान्य आहे.”

वकीलबाईंनी माझ्या ओढणीला धरून मला खाली बसवलं.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. मला त्याचा राग करायचा होता, पण तो तशी संधी देत नव्हता. त्यानं बाबांना विचारलं, “या सभेला हे गृहस्थ हयात होते का?”

“नाही साहेब.”

“मग हजर कसे?”

बाबांनी टेबलावरच्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, “आमच्याइथं असतेत, साहेब.”

“मला तुमच्या भावना कळतात. पण मला तारीख लागते. जागा कधी रिकामी झाली, ती कोणी भरली. तुमच्या वह्यांत जागा कधी रिकामीच होत नाही. तुम्ही सचिव कधी झालात?”

बाबांना सांगता आलं नाही. नंतर महिनाभर ते आठवत राहिले असतील, पण त्या खुर्चीत बसून त्यांना आठवलं नाही. वीस-बावीस वर्षं ज्या पदावर काम केलं त्याची सुरुवात कुठंच लिहिलेली नव्हती.

अर्ज फेटाळले गेले. नोंदवह्या विश्वासार्ह नाहीत, असं आदेशात लिहिलं आहे. कोणावर फसवणुकीचा ठपका ठेवला नाही, एवढी दया त्यात आहे. ताजी सभाही ग्राह्य धरली नाही, कारण ती बोलावण्याचा अधिकार असलेला विश्वस्तच हयात नव्हता. नवे विश्वस्त नेमून मागण्याचा वेगळा अर्ज करायची मोकळीक दिली. तो आम्ही केला आहे. तारीख पडते, पुढची पडते. दरम्यान जागेसाठी दिवाणी कोर्टात जायचं तर संस्थेच्या वतीनं सही कोण करणार, हा प्रश्न जिथल्या तिथं आहे. वकीलबाई म्हणतात, “विश्वस्त नेमले जातीलही. पण तोवर तिथं इमारत उभी असेल.”

उभी राहते आहे. नातवानं जागा विकली, घेणाऱ्यानं दुकानांचे गाळे पाडायला घेतले. टिनं काढली त्या दिवशी त्यांनी आम्हाला निरोप पाठवून सामान न्यायला सांगितलं, तेवढी माणुसकी दाखवली. टेबलं विहाराच्या मागे उभी करून ठेवली, ती पावसानं फुगली. पुस्तकं आमच्या घरात पलंगाखाली आहेत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींपैकी एक रोज मेडशीला जाऊन-येऊन करायची, तिचं लग्न ठरलं. दुसऱ्या दोघी आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेल्या. विहार गावठाणात आहे म्हणून उभा आहे, पण त्याचंही कायद्यानं कोणी नाही. उद्या त्याच्यावर कोणी बोट ठेवलं तर आम्ही पुन्हा तीच सात नावं घेऊन उभे राहू.

बाबा आता सभेला जात नाहीत. मला कधी काही बोलले नाहीत. त्या पानाबद्दल मीच एकदा विषय काढला, तर म्हणाले, “चांगलं लेह्यलं होतं तू.” मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माझं काय चुकलं हे मी अनेकदा मांडून पाहिलं. मी त्या सात माणसांचा अपमान सहन केला नाही, हे बरोबर होतं. आजही मी ते वाक्य मागे घ्यायला तयार नाही. पण ते वाक्य लिहायला मला दोन मिनिटं लागली आणि त्याच्याशेजारी ‘अमुक वारले, त्यांच्या जागी अमुक यांना निवडले’ ही एक कोरडी ओळ लिहायला कोणी मला अडवलं नव्हतं. दोन्ही मावलं असतं त्या पानावर. मला कोरडी ओळ लिहायची लाज वाटायची. ज्यांनी आम्हाला कायम कागदावरून फसवलं त्यांची ती भाषा, असं मी मानत आले. कित्येक विषयांवर पत्रकं लिहिली, माझ्याच गावासाठी एक अर्ज लिहिला नाही.

म्हणून हे पत्रक नाही. त्यात घोषणा नाही. एक काम आहे, आणि ते तुम्ही करावं एवढं मागते. तुमच्या संस्थेचा नोंदणी क्रमांक शोधा. या आठवड्यात जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा, परिशिष्ट एकची नक्कल मागा. विश्वस्तांच्या रकान्यात जे गेलेले असतील त्यांच्या घरी जा, चहा घ्या, मृत्यूचा दाखला मागा. रडू आलं तर रडा, पण दाखला घेऊन या. कागदावरचा एक जरी विश्वस्त जिवंत असेल तर त्याच्याच सहीनं सभा बोलवा, त्याच्या डोळ्यांदेखत नवी माणसं निवडा, आणि नोंदवहीत लिहा: वारले, तारीख, जागा रिकामी, जागा भरली. नव्वद दिवसांच्या आत अर्ज देऊन पोचपावती घ्या. मग ज्यांना हजर म्हणायचं त्यांना वेगळ्या वहीत हवं तितकं हजर म्हणा. जागेचा दस्त नोंदवलेला नसेल आणि देणारा अजून हयात असेल, तर उद्या सकाळी त्याला सोबत घेऊन दुय्यम निबंधकाकडे जा. उद्याच जा.